ग्रंथालयात स्टाफसाठी इंट्रानेट सुरू करायचंय? कुठून सुरुवात करायची ते क्रमाने सांगते

सार्वजनिक ग्रंथालयात नवीन माणूस देवघेव काउंटरला बसला की पहिला महिनाभर त्याचं निम्मं काम म्हणजे विचारत राहणं. अनामत परत देताना पावती हरवली असेल तर काय करायचं, पुस्तक गहाळ झालं तर छापील किंमत घ्यायची की आजच्या आवृत्तीची, दिवाळी अंक योजनेत एका वेळी दोन अंक देतात का, अभ्यासिकेतल्या मुलांना जुने पेपर घरी नेता येतात का. उत्तरं सगळी असतात हो, पण काही ग्रंथपालांच्या डोक्यात, काही कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात, काही टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या कागदावर आणि उरलेली व्हॉट्सॲप ग्रुपवर वर कुठेतरी गेलेली. शाखा असतील तर अजून पंचाईत, कारण मुख्य ग्रंथालयात एक नियम चालतो आणि शाखेत दोन वर्षांपूर्वीचा जुनाच चालू असतो, आणि बोलणी खातो तो काउंटरवरचा माणूस.

यावरचा उपाय म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांना दिसणारी एक साधी वेबसाइट, म्हणजेच स्टाफ इंट्रानेट. आमच्याकडे ते उभं करण्याच्या कामात मी पहिल्यापासून होते, त्यामुळे काय लागतं, कुठे अडतं हे आता नीट माहीत झालंय. कंपन्यांसाठी लिहिलेली माहिती नेटवर भरपूर मिळते पण पाच-सात माणसांच्या ग्रंथालयाला तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोंधळ मिटवूया. तुमच्याकडे कोहा (ग्रंथालयाच्या कामाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर) असेल तर कोणीतरी नक्की म्हणणार की आपल्याकडे इंट्रानेट आहेच की! कोहाच्या स्टाफ बाजूलासुद्धा इंट्रानेट म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. पण ती जागा पुस्तकं, सभासद आणि देवघेव यांच्यासाठी आहे. ई-ग्रंथालय किंवा दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल तरी तेच. "हे काम आपण कसं करतो आणि असं का करतो" हे लिहून ठेवायची सोय त्यात नसते. कोहात बातम्यांचं टूल आहे, त्यातून स्टाफच्या स्क्रीनवर सूचना लावता येते, ते जरूर वापरा, पण सूचना वेगळी आणि कायम सापडणारी माहिती वेगळी.

सुरू करण्याआधी हे जमवून ठेवा

कागदपत्रं:
- ग्रंथालयाची नियमावली आणि त्यात बदल करणारे कार्यकारी मंडळाचे ठराव
- सध्याचे वर्गणी, अनामत आणि विलंब शुल्काचे दर
- सगळे कोरे नमुने: सभासद अर्ज, रजेचा अर्ज, अनामत परतीचा अर्ज, पुस्तक गहाळ झाल्याचा अर्ज
- वर्षाच्या सुट्ट्यांची यादी, शाखांच्या वेळा
- बाइंडिंगवाला, पेपरवाला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, इन्व्हर्टरवाला यांचे दुकानाचे नंबर
- मागच्या सरकारी तपासणीला कुठले कागद मागितले होते त्याची यादी

साधनं: एक चालू स्थितीतला कॉम्प्युटर (जुना चालेल), यूपीएस, राउटर, दोन पेनड्राइव्ह, ग्रंथालयाच्या नावाचा ईमेल आणि ग्रंथालयाच्याच मालकीचं सिमकार्ड. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात, त्यावर पुढे बोलते.

१. सॉफ्टवेअर शोधण्याआधी प्रश्न गोळा करा

काउंटरवर एक शंभर पानी वही ठेवा. कोणीही कोणालाही कामाबद्दल काही विचारलं की तो प्रश्न वहीत जसाच्या तसा लिहायचा, उत्तर लिहायची गरज नाही. शाखांमध्येपण अशीच वही ठेवा. दोन-तीन आठवड्यांत वही बघितली की लक्षात येतं की तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतायत, आणि तीच तुमच्या इंट्रानेटची पहिली पानं.

ही पायरी गाळायचा मोह होतो कारण सॉफ्टवेअर लावण्यात जास्त मजा वाटते, पण ती गाळली की काय होतं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय: "आमच्याबद्दल", "अध्यक्षांचे मनोगत", "फोटो गॅलरी" अशी पानं तयार होतात आणि काउंटरवरचा माणूस पुन्हा ग्रंथपाल ताईंनाच फोन करतो. डॉ. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांमधलं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, आपण सगळ्यांनी कोर्सला पाठ केलेलं असतं. काउंटरवर रांगेत उभा असलेला वाचक, तुम्ही फोनवर कोणाला तरी विचारून घेता तोपर्यंत थांबलेलाच असतो ना, मग त्याचा वेळ वाचवायची जागा हीच आहे.

२. ठराव करून घ्या

आपली बहुतेक ग्रंथालयं संस्था म्हणून नोंदलेली आहेत, कारभार कार्यकारी मंडळाकडे असतो. कार्यवाहांना एक पानाचा अर्ज द्या: काय करणार, खर्च किती, जबाबदार कोण. ठराव झालेला असला की दोन फायदे. एक म्हणजे मंडळ बदललं तरी काम थांबत नाही. दुसरा आणि मोठा फायदा म्हणजे "इंट्रानेटवर लिहिलेला नियम हाच चालू नियम" असं ठरावातच लिहून घेता येतं. हे वाक्य नक्की घाला, नाहीतर कोणीतरी जुना कागद काढून वाद घालतंच.

३. साधन निवडा

इथे लोक महिनोन्महिने अडकतात, म्हणून मी सरळ सांगते.

सगळा स्टाफ एकाच इमारतीत बसत असेल तर डोकुविकी लावा, म्हणजे सगळ्यांना मिळून पानं लिहिता आणि बदलता येतात असं विकी सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, त्याला डेटाबेस लागत नाही, सगळी पानं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतात. त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये फाइल उघडून वाचता येते, आणि छोट्या ग्रंथालयासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बुकस्टॅक पण छान आहे, त्यात माहितीची रचनाच कपाट, पुस्तक, प्रकरण, पान अशी असते म्हणून ग्रंथालयवाल्यांना लगेच कळते, पण त्याला डेटाबेस लागतो आणि लावायला जाणकार माणूस लागतो.

शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असतील आणि तांत्रिक माणूस नसेल तर गुगल साइट्स आणि गुगल ड्राइव्ह वापरा. फुकटच्या खात्याला १५ जीबी जागा मिळते, त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं, पण नियम आणि अर्जांसाठी ती भरपूर आहे.

गुगलमधले धोके मात्र नीट समजून घ्या. साइट कोणाच्या तरी स्वतःच्या जीमेलवरून बनवली जाते, तो माणूस नोकरी सोडतो आणि मग साइट त्याच्याकडे आणि ग्रंथालय त्याच्या मागे. म्हणून खातं ग्रंथालयाच्या नावाने काढायचं आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबरपण ग्रंथालयाचा, कारण ओटीपी त्या नंबरवर येणार. दुसरं म्हणजे दोन वर्षं कोणी लॉगिनच केलं नाही तर गुगल ते खातं काढून टाकू शकतं, तेव्हा खातं वापरात ठेवा. आणि तिसरं, पब्लिश करताना "कोण बघू शकतं" हे दोनदा तपासा. ठरावीक ईमेलवाल्यांनाच दिसेल असं ठेवायचं, नाहीतर तुमच्या रजेच्या याद्या सगळ्या जगाला दिसतील. तपासायला सोपी युक्ती: लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये लिंक टाकून बघा.

४. डोकुविकी लावताना

कॉम्प्युटरवर वेब सर्व्हर आणि पीएचपी (डोकुविकी चालवायला लागणारी सॉफ्टवेअर) लागतं, गावातला कुठलाही कॉम्प्युटर कोर्स केलेला मुलगा अर्ध्या दिवसात बसवून देईल. त्याच्या शेजारी बसा आणि या गोष्टी करून घ्या:

- इन्स्टॉल करताना विकीचा प्रकार विचारतो, तिथे क्लोज्ड विकी निवडा. त्याच्या जवळच "लोकांना स्वतः नोंदणी करू द्यायची का" असा पर्याय असतो, तो बंद करा. क्लोज्ड निवडलं आणि नोंदणी उघडी ठेवली तर कोणीही नाव नोंदवून आत येतो, म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं.
- काम झाल्यावर इन्स्टॉलची फाइल डिलीट करा.
- डेटाचा फोल्डर ब्राउझरमधून थेट उघडत नाही ना ते बघा.
- राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) कायमचा करून घ्या, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सगळे म्हणतात साइट बंद पडली.
- अभ्यासिकेतल्या मुलांना वायफाय देत असाल तर ते गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरमधल्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर टाका. स्टाफ आणि वाचक एकाच नेटवर्कवर असले की लॉगिनचं पान वाचकांनाही दिसतं.

पानांची नावं देताना एक तांत्रिक अडचण आहे ती कोणी सांगत नाही. डोकुविकी साध्या सेटिंगमध्ये फाइलच्या नावातलं प्रत्येक देवनागरी अक्षर आणि काना-मात्रासुद्धा नऊ-नऊ खुणांत बदलून ठेवतो. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, त्यामुळे "गहाळ पुस्तकांच्या वसुलीबाबत कार्यपद्धती" असं नाव दिलं की पान सेव्हच होत नाही आणि का ते कळत नाही. पानाचा पत्ता रोमन अक्षरांत छोटा ठेवा, आणि आतलं शीर्षक मस्त मराठीत द्या. सेटिंगमध्ये पहिलं शीर्षक हेच पानाचं नाव म्हणून दाखवायची सोय आहे, ती चालू केली की यादीत सगळं मराठीच दिसतं.

५. मराठी टायपिंगचं आधी बघा, नंतर नाही

आपल्याकडची जुनी पत्रं, नियमावल्या, याद्या बहुतेक श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या कॉपी करून इंट्रानेटवर टाकल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. काहीजण मग त्याची पीडीएफ करून टाकतात, दिसायला ठीक दिसतं पण त्यातलं काहीही शोधता येत नाही, म्हणजे इंट्रानेटचा अर्धा उपयोग गेलाच. सगळं युनिकोडमध्ये हवं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि फोनवर मराठीच दिसतं. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका, आणि आकडे तर प्रत्येक तपासा कारण वर्गणीच्या आकड्यात चूक राहिली तर काउंटरवर भांडण होतं.

शोध घेतानाही लक्षात ठेवायचं की "पुस्तक" टाकल्यावर "पुस्तकांची" असलेलं पान मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी एका ओळीत शोधशब्द लिहा, लोक जसं बोलतात तसे: हरवलेलं पुस्तक, गहाळ पुस्तक, फाटलेलं पुस्तक, बुक लॉस्ट. वर्गीकरण आणि विषयशीर्षकं करणाऱ्यांना हे काम वेगळं शिकवायला नको.

६. पहिली पानं लिहा, थोडीच

वहीतल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या दहा-पंधरा प्रश्नांची पानं आधी. प्रत्येक पानावर वरच्या बाजूला तीन गोष्टी असायलाच हव्यात: हा नियम कुठल्या ठरावाने झाला (क्रमांक आणि तारीख), पानाची जबाबदारी कोणाची, आणि शेवटचं कधी तपासलं. त्याखाली आधी उत्तर, मग कारण. काउंटरवर वाचक समोर उभा असताना कोणी तीन परिच्छेद वाचत बसत नाही.

नेहमी लागणाऱ्या पानांची माझी यादी: नवीन सभासद करून घेणे, अनामत परत, गहाळ आणि फाटलेलं पुस्तक, दिवाळी अंक योजना, दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायची वही) नोंद कशी करायची, बाइंडिंगला पुस्तकं पाठवणे, रजा आणि बदली माणूस, सकाळी उघडताना आणि रात्री बंद करताना काय काय, लाइट गेल्यावर देवघेव कशी करायची, आणि तपासणीची तयारी. शेवटचं पान सोन्यासारखं आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून तपासणी लागली की धावपळ होते. दाखल नोंदवही, हजेरीपट, इतिवृत्त, ऑडिट रिपोर्ट, वार्षिक अहवाल यातलं काय कुठल्या कपाटात आहे हे एका पानावर असलं की निम्मं टेन्शन जातं.

७. जुन्या लोकांशी बसून बोला

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे शंभर वर्षांच्या वरची ग्रंथालयं आहेत, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, आणि तालुक्याच्या गावांतही जुनी वाचनालयं आहेत. अशा जागी खूप गोष्टी कागदावर कधीच आलेल्या नसतात. दाखल क्रमांकाची मालिका मध्येच कधीतरी नव्याने सुरू केलेली असते, त्यामुळे एकाच क्रमांकाची दोन पुस्तकं निघतात. अमुक कपाट देणगीदाराच्या नावाचं असतं आणि त्यातली पुस्तकं घरी द्यायची नाहीत अशी देणगीची अट असते. जुन्या मासिकांचे बांधलेले खंड माळ्यावर कुठल्या क्रमाने लावलेत ते एकाच शिपाईदादांना माहीत असतं आणि दादा पुढच्या वर्षी निवृत्त होणार असतात.

त्यांना "तुम्ही टाइप करा" म्हणू नका. दुपारच्या शांत वेळेत चहा घेऊन बसा, ते बोलतील, तुम्ही किंवा नवीन मुलगी टाइप करेल. फोनच्या कीबोर्डवरचं मराठी बोलून टाइप करायचं बटण पण चांगलं चालतं, नंतर दुरुस्त करून घ्यायचं. माळ्यावर, कपाटांपाशी त्यांच्याबरोबर फिरा, फोटो काढा, कपाटाच्या फोटोखाली माहिती लिहा. आणि पानावर "माहिती सांगणार" म्हणून त्यांचं नाव नक्की घाला. इतकी वर्षं ज्यांच्या आठवणीवर ग्रंथालय चाललं त्यांचं नाव तिथे असणं योग्यच आहे, आणि ते नाव बघून बाकीचे लोकही स्वतःहून सांगायला पुढे येतात.

काहींना भीती वाटते की सगळं लिहून दिलं की आपली गरज उरणार नाही. ती भीती खरी आहे, तिला हसू नका. ग्रंथपालांनीच त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावं, आणि लगेच नाही बोलले तर थांबावं.

८. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन

काउंटरसाठी एकच कॉमन लॉगिन आणि सोपा पासवर्ड, हे करू नका. कोणी काय बदललं ते इतिहासात दिसतं तेव्हाच चुकीचा बदल शांतपणे परत फिरवता येतो आणि कोणावर उगाच संशय जात नाही. बदल करायचे हक्क शक्यतो सगळ्यांना द्या, फक्त दर आणि ठरावांची पानं एक-दोघांकडे ठेवा.

काय टाकायचं नाही तेही ठरवा: सभासदांचे आधार नंबर, पत्ते, फोन, कोणी कुठलं पुस्तक नेलं त्याच्या याद्या, थकबाकीदारांची नावं, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहेच, पण कायदा नसता तरी वाचक काय वाचतो ही त्याची खासगी गोष्ट आहे, ती स्टाफमध्येही गरजेपुरतीच राहायला हवी.

९. व्हॉट्सॲप बंद करू नका, त्याचं काम बदला

"आजपासून ग्रुप बंद, सगळं इंट्रानेटवर" अशी घोषणा केली की दोन्ही बंद पडतं. ग्रुप राहू दे. फक्त एक सवय लावा: कोणी ग्रुपवर कामाचा प्रश्न विचारला की उत्तर टाइप करायचं नाही, त्या पानाची लिंक टाकायची. पान नसेल तर आधी पान बनवायचं मग लिंक. उत्तर माहीत असताना पान शोधत बसणं सुरुवातीला सगळ्यांना जड जातं, पण ग्रंथपालांनी हे पाळलं की बाकीचे आपोआप पाळतात. इंट्रानेट फक्त इमारतीतल्या नेटवर्कवर असेल तर घरून लिंक उघडणार नाही हे आधीच सांगून ठेवा. आज कोण रजेवर, पाणी आलं नाही, उद्या कार्यक्रमाला लवकर या, असलं सगळं ग्रुपवरच बरं.

ब्राउझर उघडला की इंट्रानेटचंच पान आधी दिसेल असं सगळ्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे आणि फरक खूप पडतो.

१०. बॅकअप आणि किल्ल्या

डोकुविकीत डेटा आणि कॉन्फ हे दोन फोल्डर कॉपी केले की मजकूर, जुन्या आवृत्त्या, फोटो, लॉगिन सगळं आलं. दर शनिवारी एका पेनड्राइव्हवर, आणि दुसरा पेनड्राइव्ह इमारतीच्या बाहेर, दर आठवड्याला अदलाबदल. गुगलवर असाल तर महिन्यातून एकदा ड्राइव्ह डाउनलोड करून ठेवा. आणि सहा महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, कारण पेनड्राइव्ह बिघडलाय हे गरज पडते तेव्हाच कळलं तर उपयोग नाही.

पानं तपासायला वर्षाचं वेळापत्रक लावून घ्या. मार्चमध्ये साठा पडताळणी आणि निर्लेखनाची (जुनी, फाटकी पुस्तकं नोंदीतून काढण्याची) पानं, १ एप्रिलपासून नवे दर लागू होत असतील तर दरांचं पान आदल्या दिवशी, दिवाळीच्या महिनाभर आधी दिवाळी अंक योजना. जुना नियम खोडून टाकू नका, "अमुक तारखेपर्यंत लागू" असं लिहून खाली ठेवा, कारण जुन्या सभासदाची अनामत परत करताना तो लागतो.

ॲडमिनचा पासवर्ड, ग्रंथालयाच्या ईमेलचा पासवर्ड आणि राउटरचा पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकीट सील करून, सही-तारखेसह कार्यवाहांच्या कपाटात ठेवा आणि त्याची नोंद इतिवृत्तात करा. सिमकार्डला रिचार्ज कधी करायचा तेही त्याच कागदावर लिहा.